पेटीवरून प्लॉट सापडतो, बाई सापडत नाही

ताई, नमस्कार. मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. हा चौथा हंगाम. आम्ही सव्वाशेच्या आसपास बायका, निम्म्या जवळच्या गावांतल्या, निम्म्या पेठ-सुरगाण्याकडच्या. सकाळी आठला टेबलावर उभं राहायचं, कंटेनर भरायचा असला की रात्रीचे नऊ वाजतात. रोज चारशे. वरच्या तासांचे शंभर देतात, कधी तेही नाही. आमच्याच टेबलावर कात्री धरणाऱ्या चार पुरुषांना साडेपाचशे. मालक म्हणतो तुम्ही मुकादमाच्या, मला काय विचारता. हजेरीच्या दोन वह्या आहेत, दोन्हींवर सह्या घेतात. पुढच्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. ऑडिटवाल्याशी बोलायला सुपरवायझरने आठ जणी निवडल्यात, त्यात मी. ‘आठ तास काम, ओव्हरटाइम डबल, त्रास काही नाही’ असं पाठ करून घेतलंय. म्हणतो, तोंड उघडलं तर ऑर्डर जाईल, सगळ्यांच्या चुली विझतील. खरं बोलले तर सव्वाशे घरांचा तळतळाट, खोटं बोलले तर मलाच झोप लागणार नाही. आणखी एक. पेठकडची एक पोरगी आहे, तिला हाच सुपरवायझर एकटीला प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे माल थंड करायच्या खोलीत, कॅरेट मोजायला पाठवतो आणि मागून जातो. तिने मला रडत सांगितलं. ऑडिटवाल्याला हे सांगू का? नाव छापू नका.
– एक पॅकर

ताई, पोरीची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, मी मात्र तिथूनच सुरू करते, कारण बाकीचं आठवडाभर थांबू शकतं आणि हे थांबू शकत नाही.

उद्यापासून ती प्री-कूलिंगकडे निघाली की तुमच्यातली एक जण ‘मलाबी कॅरेट बघायचेत’ म्हणत तिच्यासोबत जाईल. रोज वेगळी. ओरडा बसला तर बसू दे. नियम-कायदा नंतर, आधी तो दरवाजा तिच्या एकटीमागे बंद व्हायला नको.

मग तिचं वय विचारा. मुकादमाने लिहून घेतलेलं नव्हे, खरं. कामाला लावताना पोरींची वर्षं कशी वाढतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ती अठराच्या आत असेल तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा लागतो आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘तिची इच्छा आहे का’ हा प्रश्न उरत नाही. अठरा पूर्ण असतील तर मात्र पुढचं प्रत्येक पाऊल तिला विचारून. तिच्या गावात ही गोष्ट कोणत्या रूपात पोहोचेल याचा घोर तिला आहे, आपल्याला नाही.

ऑडिटवाल्याला तिच्याबद्दल सांगू नका, निदान तिने होकार दिल्याशिवाय. तो दोन दिवसांचा पाहुणा. चौकशी करणं, त्या माणसाला हलवणं, शिक्षा करणं यातलं काहीच त्याच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे ते वेगळे आहेत. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष बाईच, निम्म्या सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. मुकादमाच्या हाताखालच्या बायकाही त्यात येतात. समितीचा बोर्ड भिंतीवर दिसेल असा लावायचा असतो. ‘येथे थुंकू नये’च्या शेजारी तुमच्याकडे तो आहे का, बघा. माझा अनुभव असा, की हा बोर्ड ऑडिटच्या आदल्या दिवशी छापून येतो आणि त्यावर मालकाच्या नात्यातल्या कुणाचं तरी नाव असतं. तसं असेल किंवा बोट मालकाकडेच जात असेल, तर नाशिकला जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन जिल्ह्याच्या स्थानिक समितीची चौकशी करा. तक्रार लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनेच लिहून घ्यायला मदत करायची असते, तो उपकार नव्हे. चौकशी चालू असताना कुणाला तरी दुसरीकडे हलवा अशी मागणी करता येते. अशा वेळी पोरीलाच घरी बसवण्याची आपल्याकडे खोड आहे. अर्जात स्पष्ट लिहा: त्याला हलवा. पोलिसांकडे जायचं ठरलं तर भारतीय न्याय संहितेचं ७५ कलम याचसाठी आहे.

घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. एप्रिलमध्ये पॅकहाऊसला कुलूप लागेल, पोरगी डोंगरापलीकडे घरी जाईल, आणि ही मुदत आखाजीच्या गडबडीत कधी सरली हे कुणाला कळणारही नाही. सुपरवायझर लोकांना हे गणित बरोबर ठाऊक असतं.

आता ऑडिट. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होते. नाव घेत नाही. माल परदेशात जायचा. चाळीस बायकांत टॉयलेटला जायची टोकनं दोन. टोकन परत आल्याशिवाय पुढचीने उठायचं नाही. ऑडिटच्या दिवशी सकाळी बेसिनवर लिंबाच्या वासाचा नवा साबण आणि पांढरा नॅपकिन आला. साहेबांसोबत आलेल्या बाईंनी मला इंग्रजीत काही विचारलं, आमच्याच मॅनेजरने ते मराठीत सांगितलं, ‘जागेवरून उठायला मोकळीक आहे ना?’ मी मान हलवली. संध्याकाळी साबण आणि नॅपकिन दोन्ही उचलून नेले. आमच्यातली एक जण ओल्या साबणाचा तुकडा तोडून पदरात बांधून घरी घेऊन गेली होती, त्यावरून आम्ही महिनाभर हसलो. त्या हसण्यात माझी मान हलवणं झाकलं गेलं, पण मला ते माहीत आहे. तेव्हा तुम्ही खोटं बोललात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. तरी बोलू नका असंच सांगेन.

प्रमाणपत्राची किंमत किती असते त्याचं एक उदाहरण मी नेहमी देते. कराचीत अली एंटरप्रायझेस नावाचा कपड्यांचा कारखाना होता. ऑगस्ट २०१२मध्ये त्याला कामगारांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. काही आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, तो जळाला आणि अडीचशेहून जास्त कामगार आत मेले. प्रमाणपत्र खरं होतं, कागद खरा होता. आत किती जणांना बोलतं केलं आणि कुणासमोर, हे कागदावर दिसत नाही.

म्हणून ऑडिटमध्ये काय बोलायचं ते आधीच ठरवून जा. ज्यांच्याशी बोलायचं ते कामगार ऑडिटवाल्याने स्वतः निवडायचे असतात. सुपरवायझरने आठ नावं काढून दिली हीच एक खोट आहे, आणि ती सांगायला धाडस लागत नाही: ‘आम्हाला कुणी निवडलं ते विचारा की.’ बोलणं एकटीने नको, चौघी-पाचजणींनी एकत्र, मराठीत, सुपरवायझर आणि मुकादम नजरेच्या बाहेर असताना करा. आधी तुम्ही विचारा: हे कोण वाचणार, आमची नावं कुणाला दिसणार? उत्तर गुळमुळीत आलं तर मतं मांडू नका, ते जे स्वतः तपासू शकतील त्याच्याकडे बोट करा. हजेरीच्या वह्या दोन असतील, पण पिकअप रात्री साडेनऊला गेलं हे गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आहे. पिकअपवाल्याला कोणत्या दिवशी उशिराच्या फेरीचे पैसे मिळाले ते त्याच्या डायरीत आहे. कंटेनरचं दार किती वाजता बंद झालं ते कागदावर असतंच, त्याशिवाय गाडी न्हावाशेवा बंदराला निघत नाही. ‘गेटवरची वही बघितली का?’ एवढा प्रश्न पुरतो. त्यात तुमची तक्रार नाही आणि खोटंही नाही.

ऑर्डर जाईल म्हणतात त्याचं काय? असं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण साधारण रीत अशी, की खोट सापडली की सुधारणांची यादी आणि मुदत मिळते, मग पुन्हा बघायला येतात. मालकाला खरं महागात पडतं ते दोन वह्या सापडणं, कारण मग त्याच्या कुठल्याच कागदावर विश्वास राहत नाही. म्हणजे ऑर्डरला धोका तुमच्या तोंडापासून कमी आणि त्या दुसऱ्या वहीपासून जास्त आहे.

मी द्राक्षवाल्यांच्या घरात दिलेली बाई आहे, तेव्हा थोडं मालकाच्या बाजूनेही. युरोपातली दुकानं भाव पाडतात, माल पोहोचल्यावर क्वालिटीच्या नावाखाली पैसे कापतात, हे खोटं नाही. २०१०चा हंगाम आठवतोय का? लिहोसिन या फवारणीच्या औषधाचे अंश सापडले म्हणून कंटेनर अडकले, आमच्या गावात माणसं जेवायची बंद झाली होती. पण आज काय आहे बघा. निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद आहे, तपासणीचा रिपोर्ट आहे, पेटीवरच्या नंबरावरून घड कोणत्या गटातल्या बागेचा हे रॉटरडॅममध्ये बसून काढता येतं. कोणतं औषध कधी मारलं ते कळतं. त्याच घडाचे सडके मणी कात्रीने काढून पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, बसवणारी बाई किती वाजता घरी गेली, हे मात्र कुणालाच कळत नाही. औषधाचा हिशोब ठेवणं जमलं, तेव्हा बाईचाही जमेल. कुणी मागितला नाही म्हणून ठेवला नाही.

तो तुम्ही ठेवा. माझी आत्या सिन्नरला विड्या वळायची. हजारावर मजुरी, त्यातून ‘छाट’ म्हणून मूठभर विड्या बाजूला काढायचे आणि त्यांचे पैसे नाहीत. आत्याला अक्षर येत नव्हतं. ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायची, हजाराला उभी, छाटीला आडवी. ठेकेदाराशी भांडताना ती म्हणायची, ‘माझ्या भिंतीवर ये आन् मोज.’ तुम्हाला तर लिहिता येतं. रोजची तारीख, टेबलावर उभं राहिल्याची वेळ, सुटल्याची वेळ, हातात आलेले पैसे. आणखी काही नको.

या वहीत दम कुठून येतो ते ऐका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत मजुरी कमी दिल्याचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. तुमचाच हिशोब घ्या. चारशेचे आठ तास, म्हणजे तासाला पन्नास. जादा तासाला दुप्पट, म्हणजे शंभर. आठ ते नऊ, मधला जेवणाचा तास सोडला तर बारा तास, म्हणजे चार जादा. त्या रात्रीचे चारशे व्हायला हवेत, तुम्हाला मिळाले शंभर. अशा वीस रात्री झाल्या तर एकटीचे सहा हजार. सव्वाशेने तुम्हीच गुणा.

शिवाय चारशेचा मूळ दर तरी बरोबर आहे का? इथे एक जुनी चलाखी आहे. ‘हे शेतीकाम आहे’ म्हणून शेतमजुरीचा दर लावतात. बागेत विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, हे शेतीकाम, मान्य. पण वीज वापरून वीस किंवा जास्त माणसं जिथे विक्रीसाठी माल पॅक करतात आणि शीतगृहात ठेवतात, तो कायद्याच्या व्याख्येत कारखाना आहे. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन चालू दरपत्रक मागा. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून गेल्या हंगामाचा आकडा चालत नाही. कारखाना म्हटला की उभ्याने काम करणाऱ्यांना मधूनमधून टेकायला बसायची सोयही आली. दहा तास उभं राहून पोटऱ्या दगड होतात. स्टूल मागा, ते पगारापेक्षा लवकर मिळतं आणि बायकांना धीर येतो.

तुमच्याच टेबलावरच्या पुरुषांना दीडशे जास्त, हे १९७६पासून बेकायदा आहे आणि वेतन संहितेतही बेकायदाच आहे. काम तेच किंवा तशाच प्रकारचं असलं की दर तोच. ‘ते पेट्याही उचलतात’ असं उत्तर येईल. तेव्हा ते दिवसभर खरंच किती पेट्या उचलतात, तेही वहीत लिहा. आणि मुकादमाने पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाने द्यायचे असतात. ‘मला काय विचारता’ हे कायद्यापुढे टिकत नाही. नेमणुकीचं पत्रही आता प्रत्येकीला द्यावं लागतं, ते मागून घ्या.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरावर विचारूनही जाता येतं.

परदेशी गिऱ्हाइकाला थेट कळवायचं असेल तर माल नेमका कुणाचा हे आधी माहीत हवं. फोन आत नेऊ देत नसतील. वाया गेलेलं एक लेबल कचऱ्यातून उचला. त्यावर दुकानाचं नाव असतं, बहुतेकदा माल कुणाकडून आला ते सांगणारा जीजीएन म्हणून तेरा आकडी नंबरही असतो. जर्मनीत २०२३पासून असा कायदा आहे, की मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठ्याच्या साखळीतल्या कामगारांना तक्रार करता येईल अशी सोय ठेवायचीच. पण त्यावर भिस्त ठेवून बसू नका. युरोपने २०२४मध्ये असाच एक सगळ्या देशांसाठीचा कायदा मोठ्या थाटात केला आणि वर्षाच्या आत तो सैल करायला घेतला. तिकडच्या सरकारचा मूड बदलला म्हणून तुमची वही बदलत नाही.

आणि एकटीने काहीच करू नका. तमिळनाडूत दिंडीगुलला एका कापड कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा जानेवारी २०२१मध्ये खून झाला, आरोप तिच्याच सुपरवायझरवर. ऑडिट तिथेही होत असणारच. बदल झाला तो तिथल्या बायकांच्या हातातल्या युनियनने, तमिळनाडू टेक्सटाइल अँड कॉमन लेबर युनियनने, पाठपुरावा केला तेव्हा. एप्रिल २०२२मध्ये कंपनी आणि एच अँड एम यांच्याशी बंधनकारक करार झाला, पुढे आणखी ब्रँड आले. त्यातून तिथे कामावर लक्ष ठेवायला कामगार बायकाच शिकवून उभ्या केल्या. बाहेरून आलेल्या माणसाला जे दोन दिवसांत दिसत नाही, ते शेजारच्या मशीनवरच्या बाईला रोज दिसतं.

तुमच्याकडे युनियन नाही, पण बचत गट असेलच. त्यातून पाच गावांच्या पाच जणी निवडा, त्यात पेठकडची एक हवीच, नाहीतर तुमच्यात आणि त्यांच्यात भांडण लावायला मुकादमाला वेळ लागत नाही. मागणीचा कागद पाचही जणींच्या सह्यांनी, एक प्रत पोच घेऊन जवळ ठेवायची. वेळ फेब्रुवारी-मार्चची, घड मालकासाठी थांबत नाहीत हे तुमचं खरं बळ. मात्र रागाच्या भरात ‘उद्या सगळ्या खाडा करू’ असं ठरवू नका. नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून रजा टाकली तर तो संप धरतात, आणि संपाआधी नोटीस देऊन चौदा दिवस थांबावं लागतं. आयतं कोलीत कशाला द्यायचं?

वही दोनशे पानी घ्या, बांधणीची, पानं फाडली तर कळतील अशी. आजपासून लिहा आणि मागच्या पंधरवड्याचं जेवढं पक्कं आठवतंय तेवढंच भरा, अंदाज नको. पोरीचं त्या वहीत लिहू नका. तिची वही वेगळी, ती तिच्याजवळ किंवा तिने सांगितलेल्या माणसाजवळ. आणि तुमची कामावर नेऊ नका, जावेकडे ठेवा.